डबा आणणाऱ्याचे पैसे



आजचा विषय तुमच्याच गटांकडून आला आहे. आपल्या भागातली कितीतरी पोरं पुण्या-मुंबईत, नाशकात मोटरसायकलवरून जेवणाची पार्सलं पोचवतात. त्यांच्या आया आपल्या गटांत आहेत. दुसऱ्या बाजूला, शहरात शिकायला राहिलेल्या आपल्या मुली आणि दवाखान्यात कोणाच्या उशाशी बसलेल्या बायका याच पोरांकडून जेवण मागवतात. मग अडचण येते. पर्समध्ये जेवणापुरतेच पैसे आहेत. आणणाऱ्याला वर दहा-वीस द्यायचे की नाही? द्यायला नसतील तर मागवूच नये का? एका ताईंनी तर सरळच विचारलं, "ही टीप म्हणजे पगार समजायचा का दान?"

प्रश्न चांगला आहे, आणि तो मोबाइलमुळे आलेला नाही. जेवण रांधणाऱ्या आणि पोचवणाऱ्या माणसाचे पैसे कोणी, कधी, किती द्यायचे, आणि घरात पैसे कमी पडले की कोणाचे थांबवायचे, हा तंटा जुना आहे. त्याचा मोठा भाग आपल्या मुंबईत घडला, आणि त्यात आपल्याच गावांतून गेलेली माणसं होती. म्हणून आज जरा मागे जाऊ.

सुरुवात गावापासून करू. आपल्याकडे कामाचा मोबदला रोज रोकड देण्याची रीत नव्हती. सुतार, लोहार, न्हावी, कुंभार वर्षभर राबायचे आणि सुगीला खळ्यावर त्यांना धान्य मिळायचं. तेच बलुतं. पीक आलं तर सुपानं, नाही आलं तर मुठीनं. तोंडानं सगळे म्हणत, बलुतं हक्काचं आहे. पण हक्काचं असूनही ते मागावं लागे, आणि जातीच्या उतरंडीत जो खाली, त्याला जास्त वाकून मागावं लागे. महारांना तर दिवसरात्र गावाची आणि सरकारची कामं, निरोप आणि टपाल पोचवणं, ओझी वाहणं, आणि मोबदल्यात बलुतं, थोडी वतनाची जमीन आणि दारोदारची भाकरी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात बदल करणारं विधेयक मांडलं, ते याचसाठी. काम ठरलेलं असेल तर दामही ठरलेला हवा. देणाऱ्याच्या मर्जीवर पोट असलं की घेणाऱ्याची मान खालीच राहते.

याच्या जोडीला होती पोस्त. शिमग्याला, दिवाळीला कामाच्या माणसाला वरून जे काही द्यायचं ते. शहरात त्याला बक्षीस म्हणू लागले, आता टीप म्हणतात. बलुतं आणि पोस्त हे दोन शब्द लक्षात ठेवा. एक कामाचा दाम आणि एक वरचं देणं. या दोहोंची सरमिसळ झाली की कोणीतरी लुबाडलं जातं, हे आपल्याला पुढे दिसेल.

आता मुंबईला जाऊ. कावसजी दावर यांनी तिथली पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापली आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. पुढच्या पन्नाससाठ वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी, शिवडी हा सगळा पट्टा गिरण्यांनी भरला. त्याला लोक गिरणगाव म्हणू लागले. कोकणातून, साताऱ्याकडून, पुणे जिल्ह्यातून, घाटावरून पुरुष कामाला गेले. बायका-पोरं गावाकडे शेती सांभाळत राहिली. चाळीतल्या एका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा गडी. पाळीनं कामाला जायचे, पाळीनं झोपायचे. झोप जमत होती, जेवणाचं काय?

ते काम बायकांनी उचललं. कोणाचा नवरा आजारी, कोणी विधवा, कोणाच्या घरी पोरं जास्त आणि पगार कमी. आपल्याच दहा बाय बाराच्या खोलीत चूल, आणि त्या चुलीवर पंधरा, वीस, कधी तीस गड्यांचा स्वयंपाक. हीच खाणावळ. पाळी पहाटेची असली तर भाकऱ्या रात्रीच थापायला घ्यायच्या. काही गडी येऊन जेवत, काहींचे डबे गिरणीच्या दारापर्यंत जात. डबा कोण नेणार? तीच बाई, नाही तर तिचं पोर. त्या पोचवण्याचे वेगळे पैसे कोणी धरत नसे. खाणावळीच्या महिन्यातच ते आलं, असं समजायचं. रांधणं मोजलं जायचं, चालणं नाही.

आणि पैसे कधी मिळायचे? इथे हिशेब नीट ऐका, कारण आपण गटातल्या बायका, आपल्याला हिशेब कळतो. गिरणीत पगार महिन्याचा, तोही महिना संपल्यावर लगेच नाही. पुढच्या महिन्याची दहा तारीख, पंधरा तारीख, कधी त्याहून पुढे. मालक मुद्दामच पगार मागे ठेवत, म्हणजे कामगार नोकरी सोडून जायचा नाही. १९३६ च्या वेतन कायद्यानं त्याला मुदत घातली. हजाराहून कमी कामगार असतील तिथे महिना संपल्यावर सात दिवसांत, मोठ्या कारखान्यात दहा दिवसांत पगार झाला पाहिजे. कायदा चांगलाच होता. पण कायद्यानंतरही धरून चाला, पहिल्या तारखेला नवा गडी खाणावळीला लागला तर त्याच्या हातात पहिला पगार पडायला चाळीस दिवस. वीस गडी, दिवसाला दोन जेवणं, चाळीस दिवस. सोळाशे ताटं. एवढी ताटं वाढून झाल्यावर बाईच्या हाती पहिला रुपया.

तोवर ज्वारी, तांदूळ, डाळ, तेल, रॉकेल कुठून आणायचं? वाण्याकडून उधारीवर. वाणी उधारीचा भाव वेगळा लावायचा. वाण्यानं हात आखडला की सावकार. त्या काळी मुंबईत रुपयाला महिना आणा, दोन आणे व्याज चालायचं. रुपयाचे सोळा आणे. म्हणजे आपल्या गटाच्या भाषेत शेकडा सव्वासहा, नाही तर साडेबारा, महिन्याला! आपण शेकडा दोननं कर्ज देताना किती चर्चा करतो ते आठवा. घरात काही सोनं असलं तर ते गहाण पडायचं. मंगळसूत्रसुद्धा.

म्हणजे उधारी कोण पेलत होतं ते बघा. गिरणीमालक कामगाराचा पगार महिनाभर वापरत होता. कामगार तेवढे दिवस खाणावळीत उधारीवर जेवत होता. आणि त्या उधारीचं व्याज भरत होती ती चुलीपाशी बसलेली बाई. गिरणीच्या वहीत तिचं नाव नाही, युनियनच्या वहीत नाही, पण गिरणगावाचं पोट तिच्या उधारीवर चालत होतं. मला वाटतं, मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासात ही गोष्ट जेवढी सांगायला हवी तेवढी सांगितली जात नाही.

त्यात आणखी एक अवघड गोष्ट. जेवणारे बहुतेक तिच्याच गावचे, नात्यागोत्याचे, भावकीतले. दिराचा मुलगा, मामेभाऊ, शेजारच्या वाडीतला पोरगा. त्यांच्याकडे पैसे मागायचे कसे? "मावशी, या महिन्याला गावी मनीऑर्डर केली, पुढच्याला देतो." आणि मावशी हो म्हणायची. गावी म्हातारी आई त्या मनीऑर्डरची वाट बघतेय, हेही तिला ठाऊक असायचं.

याच मुंबईत दुसरी एक व्यवस्था उभी राहिली, तिनं पैशाचा प्रश्न वेगळ्या रीतीनं सोडवला. डबेवाले. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं असं सांगतात. हे लोक मावळातले. खेड, आंबेगाव, जुन्नर, मुळशी या भागातून गेलेले. अंगावर पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, बहुतेक माळकरी. सकाळी घराघरांतून डबे गोळा करायचे, सायकलवर, मग लोकलगाडीत, लाकडी पेटाऱ्यातून डोक्यावर, दुपारी ऑफिसात पोचवायचे आणि रिकामे डबे परत घरी. डब्याच्या झाकणावर खुणा, रंग, आकडे. फारसं शिक्षण नसलेल्या माणसांनी बसवलेली ही घडी बघायला परदेशातले लोक येतात. इंग्लंडचे युवराज चार्ल्स २००३ साली चर्चगेटला येऊन त्यांना भेटून गेले. ते सगळं तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. मला मात्र त्यांच्या खुणांपेक्षा त्यांच्या पैशाची रीत जास्त शिकण्यासारखी वाटते.

दर महिन्याचा ठरलेला. अंतर किती, डब्याचं वजन किती, वेळ कोणती यावर तो ठरायचा, पण एकदा ठरला की ठरला. रोज हात पुढे करायचा नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वसुली. डबा देणारी घरातली बाईच बहुतेक वेळा पैसे देणारी. ती तिच्या घरखर्चातून देणार, म्हणून पगाराच्या तारखेशी जुळवून घेतलेलं. वसूल झालेले पैसे एकाच्या खिशात जात नाहीत. वीस-पंचवीस जणांची टोळी असते, तिचा मुकादम असतो. रेल्वेचा पास, हातगाडी, सायकलींची डागडुजी असा खर्च वजा करायचा आणि उरलेलं सगळ्यांत वाटून घ्यायचं. कोणाच्या वाटेवर उदार गिऱ्हाइकं, कोणाच्या वाटेवर चिकट, पण भाग सारखा. आपले बचत गट होण्याच्या कितीतरी आधी हे चालू होतं. टोपी घातली नाही, कामावर दारू प्यायला, तर दंडही त्यांचा तेच करतात.

आणि दिवाळीला? दिवाळीला एक महिन्याचा जादा पगार. इथे त्यांची हुशारी बघा. बक्षीस त्यांनी नाकारलं नाही, पण त्याचा आकडा बांधून टाकला. गिऱ्हाइकाच्या मनात आलं तर पाच, नाही तर पन्नास, असं ठेवलं नाही. बारा महिन्यांचे तेरा. डबा लावतानाच बाईला माहीत असतं की दिवाळीत एक महिना जादा जाणार. माहीत असलं की बाजूला टाकता येतं. समजा डब्याचा महिना हजार रुपये असेल, तर दर महिन्याला ८४ रुपये डब्याखाली ठेवले की दिवाळीचा हजार उभा राहतो. ऐन सणात नवऱ्यापुढे हात पसरायला नको, आणि डबेवाल्यालाही दारात घुटमळायला नको.

चैत्रात गावच्या यात्रा असतात, तेव्हा डबेवाले पाच-सहा दिवस मुंबई सोडून गावी येतात. दर वर्षी त्यांच्या संघटनेकडून गिऱ्हाइकांना विनंती जाते की या दिवसांचा पगार कापू नका. म्हणजे भरपगारी रजा. कुठल्या कायद्यात लिहिलेली नाही, पण पिढ्यान् पिढ्या मागून मागून रुळलेली. घरकाम करणाऱ्या बायकांनी हे कान देऊन ऐकण्यासारखं आहे.

कुणी म्हणेल, एखाद्या महिन्याला घरात पैसेच नसतील तर? तेव्हा ठरलेला महिना आणि रोजचा चेहरा कामाला येतो. उद्याही तोच माणूस त्याच दारात यायचा असतो. "भाऊ, पगार लांबलाय, दहा तारखेला देते" हे बोलता येतं, कारण दहा तारखेला तो असणार आहे आणि आपणही असणार आहोत. उधारी ही ओळखीवर चालते. ओळख संपली की उधारीही संपली. हे पुढे मोबाइलच्या गोष्टीत आपल्याला लागणार आहे.

पण उधारीची दुसरी बाजूही आहे, त्यासाठी पुन्हा खाणावळीत जावं लागेल. १९७४ साली गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. पगार बंद, पण पोटं चालूच. खाणावळवाल्या बायकांनी उधारीवर जेवू घातलं. संपाला पाठिंबा म्हणून भाषणं करणारे पुष्कळ होते, यांनी पाठिंबा भाकरीनं दिला. प्रेमा पुरव या कामगार चळवळीत काम करणाऱ्या बाई. मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या. कामगारांबरोबर फिरताना त्यांच्या लक्षात आलं की ज्यांच्या जिवावर संप तगतो, त्या बायकांचं कोणीच बघत नाही. १९७५ साली त्यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. पहिल्यांदा चौदा बायकांना बँक ऑफ बडोदाकडून कर्ज मिळालं. १९६९ साली बँका सरकारी झाल्या होत्या, गरिबाला कर्ज देणं हे त्यांचं काम ठरलं होतं, पण ते कर्ज चाळीतल्या खोलीपर्यंत आपणहून चालत आलं नाही. बायकांना बँकेच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. तारण काय, तर चूल आणि रोज जेवायला येणारी माणसं.

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. आपलं माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, त्याच वर्षी झालं. आज आपल्या गटाला बँकेत खुर्ची मिळते, तिच्या आधी या खाणावळवाल्या बायका तिथे उभ्या राहून आल्या आहेत.

बँकेच्या कर्जानं काय बदललं? उधारी संपली नाही, गिऱ्हाईक महिन्यालाच पैसे देणार. पण मधल्या दिवसांसाठीचं व्याज सावकाराच्या दरानं भरायचं राहिलं नाही. रोख पैसे देऊन धान्य घेता येऊ लागलं, वाण्याचा चढा भाव सुटला. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली.

मग आला १९८२ चा संप. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. वाटलं होतं, महिना-दोन महिन्यांत मिटेल. तो रीतसर मिटलाच नाही. पुष्कळ कामगार गावी परतले. तुमच्यापैकी कोणाचे सासरे, कोणाचे वडील असे परतले असतील. जाताना खाणावळीची बाकी राहिली. बुडवायची म्हणून नाही, नव्हतीच द्यायला. पण बाकी ती बाकीच. पगार थांबला की वरून खाली एकेकजण आपली उधारी पुढच्याच्या अंगावर टाकतो, आणि शेवटी जिच्यापुढे कोणीच नसतं तिच्या अंगावर सगळी येते. गिरण्यांच्या जमिनींवर मोठे मॉल आणि टॉवर झाले, त्यांचे हिशेब कोर्टात गेले. खाणावळीच्या वह्यांतल्या बाक्या कुठल्या कोर्टात जाणार?

इथे थोडं दूरच्या देशात, अमेरिकेत जाऊन येऊ. तिथे गुलामगिरी संपल्यावर झोपण्याच्या आगगाड्यांच्या डब्यांत काळ्या माणसांना पोर्टर म्हणून कामाला ठेवलं. पगार अगदी थोडा, बाकीचं प्रवाशांच्या टिपेवर. रात्रभर बूट पुसायचे, हसतमुख राहायचं, कारण हसण्यावर पैसे होते. त्या पोर्टरांनी १९२५ साली आपली युनियन केली आणि १९३७ साली कंपनीकडून करार मिळवला, पगार वाढवून घेतला. पण हॉटेलांत ती रीत मुरलीच. तिथल्या देशपातळीच्या कायद्यानुसार आजही टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं तासाला २ डॉलर १३ सेंट एवढेच द्यायचे, बाकी किमान वेतन टिपेतून भरून निघेल असं धरायचं, आणि नाहीच निघालं तर मालकानं भर घालायची. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. काही राज्यांनी जास्त ठेवलंय, पण सगळ्यांनी नाही. म्हणून तिथे टीप न देणं म्हणजे जवळजवळ पगार न देणं. हॉटेलात वाढणाऱ्यांत बायकाच जास्त, आणि गिऱ्हाइकाचं नको ते बोलणं त्या टिपेपायी ऐकून घेतात.

आणि मोबाइलचं? तिथली डोअरडॅश नावाची जेवण पोचवणारी कंपनी. तिच्या पगाराच्या रीतीत गिऱ्हाइकानं दिलेली टीप कंपनीच्या द्यायच्या पैशात धरली जायची. म्हणजे तुम्ही पोराला तीन डॉलर वर दिले तर कंपनी आपल्याकडचे तेवढे कमी द्यायची. २०१९ साली यावर फार बोभाटा झाला आणि कंपनीला ती रीत बदलावी लागली. न्यूयॉर्क शहरानं २०२३ मध्ये या पोरांसाठी तासाला १७ डॉलर ९६ सेंट असा किमान दरच बांधला, आणि तो टीप सोडून. बलुतं आणि पोस्त वेगळी काढली, म्हणा ना.

आता आपल्या पोरांकडे या. आपल्याकडे झोमॅटो २००८ मध्ये हॉटेलांचे मेनू दाखवायला सुरू झाली, पोचवणं नंतर आलं. स्विगी २०१४ मध्ये बंगळुरूला सुरू झाली. पोराला तिथे कामगार म्हणत नाहीत, पार्टनर म्हणतात, म्हणजे भागीदार. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, मोबाइल त्याचा, पंक्चर त्याचं. पैसे ऑर्डरवर. दिवसात अमुक इतक्या ऑर्डरी केल्या तर वर काही. डबेवाल्यांच्या टोळीतही माणूस भागीदारच असतो, पण तिथे दर ठरवायला तो बसतो आणि भाग घ्यायलाही बसतो. इथे दर मोबाइलवर येतो.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी दिसले. ऑफिसं आणि लोकल बंद, त्यामुळे डबेवाल्यांचं काम थांबलं. बरेच मावळात परत आले, शेतात लागले, आणि सगळे काही पुन्हा मुंबईला गेले नाहीत. मोटरसायकलवाल्या पोरांचं काम मात्र अत्यावश्यक ठरलं. लोक दार उघडत नव्हते, पार्सल उंबऱ्यावर ठेवून पोरगं निघून जायचं. ओळख होण्याचा प्रश्नच नाही. एरवीही तो पोरगा उद्या पुन्हा आपल्या दारात येईल याची खात्री नसते. म्हणून मघाशी म्हटलं ती गोष्ट इथे लागू होते. "पुढच्या वेळी देते" हे त्याला म्हणता येत नाही. त्याची पुढची वेळ दुसऱ्याच्या दारात असते.

मग पैसे कमी असताना काय करायचं? आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण त्यात खरं नुकसान होतं. रोखीनं पैसे देतो म्हणून जेवण मागवलं, बिल झालं दोनशे चाळीस, आणि आपण म्हणालो, "दादा, दोनशे वीसच आहेत हो, घ्या सांभाळून." आपल्याला वाटतं कंपनी सोसेल. कंपनी सोसत नाही. पोरानं उचललेली रोकड त्याच्या नावावर चढते आणि त्याला ती पूर्ण भरावी लागते, नाही तर त्याच्या कमाईतून वळती होते. ते वीस रुपये त्याच्या पेट्रोलचे गेले. टीप न देणं वेगळं आणि बिलात कमी देणं वेगळं. टीप दिली नाही तर त्याला वरचं मिळालं नाही. कमी दिलं तर त्याच्या कामाचा दाम आपण काढून घेतला. तेव्हा पैसे मोजून मगच मागवा, सुटे जवळ ठेवा, आणि कमी पडत असतील तर एखादा पदार्थ कमी करा. शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून वीस रुपये उसने घेणं परवडलं, ती उद्याही तिथेच असणार.

वरचे पैसे द्यायला नसतील तर लाजायचं कारण नाही. ज्यांचा स्वतःचा महिना भागत नाही त्यांनी कंपनीचा पगार भरून काढायचा, हा न्याय कुठला? मागवताना पत्ता नीट द्या, वॉर्डाचा नंबर सांगा, फोन उचला, त्याला चार जिने चढायला लावण्यापेक्षा जमेल तर खाली उतरा. त्याच्या धंद्यात वेळ म्हणजेच पैसा, तेव्हा त्याची दहा मिनिटं वाचली तर ती पुढच्या ऑर्डरीला लागतात. उन्हाचं पाणी जरूर विचारा. पण पाणी विचारलं म्हणून पैशाची फिटंफाट झाली असं मनाशी धरू नका. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी द्यावेत, आणि जमल्यास हातात द्यावेत. पाऊस असेल, रात्र असेल तर नक्की.

ज्यांची मुलं या कामात आहेत त्या आयांसाठी एक सांगते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत पहिल्यांदा या पोरांची वेगळी गणना झाली. कंपन्यांनी आपल्या उलाढालीतला एक ते दोन टक्के भाग त्यांच्या कल्याणासाठी द्यावा अशी तरतूद त्यात आहे. राजस्थाननं २०२३ मध्ये त्यांच्यासाठी वेगळा कायदा केला, असा कायदा करणारं ते पहिलं राज्य. मुलानं ई-श्रमवर नाव नोंदवलंय का, एवढं त्याला फोनवर विचारा. दर मात्र अजून कंपन्यांच्याच हातात आहे.

शेवटी आपल्या स्वतःच्या दारातलं बोलू. आपल्यापैकी किती गट पोळी-भाजी केंद्र चालवतात, शाळा-बँकांत डबे देतात! ते डबे नेणारा मुलगा किंवा एखादी सायकलवाली मुलगी असते. मास्तरांचे पैसे दोन महिने येत नाहीत, बँकेतले साहेब बदलून जातात, गटात रोकड राहत नाही, आणि मग सगळ्यात आधी कोणाचा पगार लांबतो? आपल्याला माहीत आहे. "तुझं काय, घरचंच आहे," म्हणून त्याला थांबवलं जातं. खाणावळवालीला गडी असंच म्हणायचे.

माझं म्हणणं असं, की गटाच्या वहीत त्याचं पान वेगळं काढा. त्याचा महिना डब्यांच्या वसुलीवर ठेवू नका, गटाच्या शिलकीतून ठरल्या तारखेला द्या. वसुलीची वाट बघायची तर ती गटानं बघावी, दहा जणींना ती पेलते, एकट्या पोराला नाही. आणि डब्याचा दर ठरवतानाच त्याची दिवाळी त्यात धरा. समजा त्याला महिना सहा हजार देता, तर दरमहा पाचशे बाजूला टाकले की वर्षाला सहा हजार होतात. वीस डब्यांवर वाटले तर एका डब्याला महिन्याला २५ रुपये, दिवसाला रुपयासुद्धा पुरता नाही. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा. दिवाळीच्या बैठकीत त्याच्या हातात पाकीट द्याल तेव्हा वहीवर त्याची सही घ्या, पगाराच्या पानावर नाही, दिवाळीच्या पानावर.

पुढच्या मंगळवारी याच वेळेला रेशनकार्डातल्या नावांच्या दुरुस्तीबद्दल बोलू. नमस्कार.